एक श्रोता

नाव लपवण्याच्या कामी माझ्या सासऱ्यांइतका कुचकामी माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नसेल. अण्णांची पिठाची गिरणी आहे. मोबाइलवर नाव न सांगता बोलता येतं हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडून 'एक श्रोता' नावाचं खातं उघडून घेतलं आणि पहिल्याच दिवशी गल्लीत कचरा टाकणाऱ्यांना झाडलं, "मी कोण ते विचारू नका. हिंमत असंल तर गिरणीवर या." कुणी भाकरीचा फोटो टाकला, की खाली श्रोता लिहिणार, "ज्वारी मंगळवेढ्याची न्हाय." लोक उत्तर द्यायचे, "व्हय अण्णा." अण्णा चकित. "जावईबापू, ह्यांना कळतंय कसं?"

नाव 'श्रोता'च का, ते मला नंतर समजलं. वरच्या मजल्यावर त्यांचे धाकटे भाऊ राहतात. दारातलं चिंचेचं झाड तोडायचं की ठेवायचं, यावरून दोघांचं बोलणं बंद झालेलं. पुढं झाड वादळात आपणच पडलं, तरी अबोला उभाच. निवृत्त झाल्यावर काका पेटी घेऊन भजनं म्हणू लागले, मोबाइलवर टाकू लागले. आवाज जिन्यातून थेट खाली यायचा. पण अण्णा तेच भजन गिरणीत मोबाइल कानाला लावून पुन्हा ऐकायचे, कारण दाद द्यायची सोय फक्त तिथं होती. "लई गोड" एवढं लिहीपर्यंत गिऱ्हाइकाचं पीठ डब्याबाहेर सांडायचं.

मागच्या थंडीत भजनं थांबली. वरून नुसता खोकला ऐकू येई. अण्णांना घास गोड लागेना. एके दुपारी त्यांनी जुन्याच भजनाखाली लिहिलं, "तम्मा, अडुळशाचा काढा घे." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. आई गेल्यापासून काकांना अशी हाक मारणारे एकटे अण्णाच उरले होते. चूक ध्यानात येताच ते पलीकडच्या गल्लीत माझ्या घरी धापा टाकत आले.

"जावईबापू, ते पुसा आदी."

मी पुसणार, तेवढ्यात काकांचं उत्तर आलं, "घेतो. पण आपण कोण, ओळख लागली नाही."

अण्णा खुर्चीत टेकले. "वाचलो," म्हणाले.

संध्याकाळी मी काकांना बघायला गेलो. ते उशीला टेकून काढा पीत होते.

"काका, खरंच ओळखलं नाहीत?"

त्यांनी तोंड वाकडं करत शेवटचा घोट घेतला. "अण्णाला सांगू नका. नाव फुटलं तर लाजंल तो, लिहायचा बंद होईल." रिकामा पेला ठेवून त्यांनी पेटी जवळ ओढली. "मग गाऊ कुणासाठी मी?"