अटी सर

बिरादार सरांनी आमच्या नेट कॅफेत पहिला ई-मेल काढायला चार दिवस घेतले. मशीन चांगलं होतं, लाइनही त्या आठवड्यात लातूरच्या मानानं बरी चालत होती. अडचण एवढीच, की मेल काढण्याआधी पडद्यावर अटी आणि शर्तींचं जे मारुतीच्या शेपटासारखं पान येतं, ते सरांनी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. नुसतं वाचलं नाही, दोनशे पानी वहीत कलमवार उतरवून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली, खिशातलं लाल पेन काढलं आणि पडद्यावर टेकवलं.

"यासीन, हे अकरावं कलम मला मान्य न्हाई. खोडून दे."

"सर, खोडता येत नाही. खाली 'मान्य आहे' लिहिलंय, तेवढं दाबायचं."

"आन् 'मान्य न्हाई'चं बटन?"

"ते दाबलं की मेल मिळत नाही."

सरांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे कागद त्याचा, कलम त्याचं, अंगठा तेवढा माझा." चौथ्या दिवशी त्यांनी बटण दाबलं. पण आधी वहीत 'नाइलाजाने मान्य' असं लिहून खाली माझी साक्षीदार म्हणून सही घेतली. मला रात्रभर झोप नाही. कशाला साक्षीदार झालो, हेच कळेना.

प्रा. मन्मथ बिरादार लातूरच्या एका लॉ कॉलेजात शिकवत. पोरं त्यांना पाठीमागं 'अटी सर' म्हणत. काही समोरही म्हणत, आणि सर ओ देत. मी आठवीपर्यंत शिकलेला माणूस. भूकंपात निलंग्याकडचं आमचं घर गेलं, शाळेची भिंत गेली, आम्ही लातूरला आलो आणि माझी शाळा तिकडंच राहिली. आता शारजात एका टायपिंग सेंटरवर लोकांचे व्हिसाचे फॉर्म भरतो. सर मागच्या वर्षी वारले, ते इथं फोनवर कळलं. सुट्टी मिळाली नाही. जाता आलं नाही म्हणून लिहितो आहे. चुका असतील, त्या माझ्या.

सरांना या वाचनाचं वेड भूकंपानंच लावलं. तेव्हा ते नवीनच नोकरीला लागले होते. पत्र्याच्या शेडांत राहणाऱ्या लोकांकडून सरकारी कागदांवर अंगठे घेणं चालू होतं. सर रोज सायकलवर जायचे आणि प्रत्येकाला कागद मोठ्यानं वाचून दाखवायचे. एका म्हातारीनं मधेच थांबवलं. म्हणाली, "लेकरा, अंगावर घर पडलं तवा वाचले. आता तू वाचून वाचून मारायलास. अंगठा कुठं लावू, तेवढं सांग." सर ही गोष्ट सांगताना दरवेळी हसायचे आणि मग म्हणायचे, "लोक येडे न्हाईत यासीन. दमलेत. दमलेला माणूस कशालाबी हो म्हणतो. आन् कागद करणाराला हे पक्कं ठाऊक असतं. तो बटन बराबर तिथंच ठेवतो जिथं माणूस दमतो."

शेडातला कागद आणि पडद्यावरचं पान एकच आहे, हे त्यांना त्या चार दिवसांत दिसलं, आणि त्यांनी इंटरनेटचा कायदा हाच आपला विषय करून टाकला. प्राचार्य म्हणाले, असला विषय सिलॅबसमध्ये नाही. सर म्हणाले, "भूकंपबी नव्हता." पीएच.डी.साठी ते एस.टी.नं नांदेडच्या चकरा मारत. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या एका मोठ्या प्राध्यापकांनी विचारलं, "तुमच्याकडं स्वतःचा संगणक आहे का हो?" सर म्हणाले, "न्हाई साहेब. वीस वर्षं खुनाचं कलम शिकवून राहिलो, अजून एक खून केला न्हाई." पदवी मिळाली. ती बातमी त्यांनी माझ्याच कॅफेत, सात नंबरच्या मशीनवर बसून, स्वतःच स्वतःला मेल करून नोंदवून ठेवली.

सरकारनं इंटरनेटच्या नियमांचा मसुदा काढून हरकती मागवल्या, की सर पाच-पाच दिवस सात नंबर सोडत नसत. हरकती ई-मेलनं पाठवा म्हटलेलं असे. सर मेल तर करतच, वर छापील प्रत रजिस्टर पोस्टानं धाडत. "मेलची पोचपावती द्यायला पोस्टमन दारात येतो का?" अशी बावीस पत्रं गेली, तेव्हा एकदा दिल्लीहून बैठकीचं बोलावणं आलं. तिथं कुणीतरी सांगत होतं, की ग्राहकानं अवघड पासवर्ड ठेवला तर निम्मे प्रश्न मिटतील. सर उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्याकडं पासवर्ड ग्राहकाकडं नसतोच. तो यासीनकडं असतो."

हे खरं होतं, आणि त्यापायी मी एका पोरीचं वाटोळं करायला निघालो होतो. तीच गोष्ट सांगायची आहे.

लातुरात तेव्हा क्लासचा पूर आला होता. प्रत्येक भिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. एकाच मुलीचा फोटो तीन क्लासच्या बोर्डांवर बघून सर मला म्हणाले होते, "ही एकटी तिन्हीकडं शिकली, का तिघांनी मिळून हिचा एक फोटो काढला?" हदगावपासून देगलूरपर्यंतची पोरं इथं शिकायची आणि निकाल लागला की मेडिकलचे फॉर्म भरायला माझ्याकडं रांग. आईबापांकडं ई-मेल नसे. मग मेल मी काढायचो, मोबाइल नंबर माझाच द्यायचो, आणि सगळ्यांना पासवर्ड एकच ठेवायचो, दुकानाच्या नावाचा. मला याचा अभिमान होता. माझं एकही गिऱ्हाईक पासवर्ड विसरलं नव्हतं, कारण मी तो कुणाला सांगितलाच नव्हता.

वैशाली नावाची हदगावची मुलगी होती. वडील गंगाधरराव, किराणा दुकानदार. त्यांनी माझ्यासमोरच तिला बजावलं होतं, "नांदेडचं मेडिकल लागलं तर डॉक्टर. लातूर क्लासपुरतं झालं, आता नांदेडच्या पुढं मी पाठवणार नाही. न्हाई लागलं तर गावात डी.एड. कर." तिचा पसंतीक्रम, म्हणजे कोणतं कॉलेज आधी हवं त्याची यादी, भरायच्या दिवशी मी आधी एका मुलाचा फॉर्म घेतला; त्याच्या फॉर्मचा नंबर तिच्या लगेच पुढचा होता. त्याला मुंबई-पुणं पाहिजे होतं. भरलं, लॉक केलं. लॉक म्हणजे संपलं, पुन्हा हात लावता येत नाही. मिनिटात माझ्याच मोबाइलवर मेसेज आला, 'वैशाली, तुमचा पसंतीक्रम कायम झाला आहे.' फॉर्मच्या नंबरचा शेवटचा आकडा माझ्याकडून चुकला होता. पासवर्ड वेगळा असता तर तिचा फॉर्म उघडलाच नसता. पण चावी एकच होती, कुलूप निघालं. त्या यादीत नांदेड नव्हतंच. मुदत संपायला दोन दिवस होते.

मी मशीन बंद केलं, परत चालू केलं. मेसेज तोच. चप्पल न घालताच लॉ कॉलेजात गेलो. सरांचा तास चालू होता. दारातच सगळं सांगितलं. सरांनी मला दंडाला धरून वर्गापुढं उभं केलं.

"ह्या गृहस्थांनी दुसऱ्याच्या पासवर्डनं दुसऱ्याचा फॉर्म लॉक केलाय. बोला, काय करायचं?"

वर्ग खूश झाला. एकानं कलम सांगितलं, दुसऱ्यानं तीन वर्षं म्हटलं, मागच्या बाकावरून कुणीतरी दंडही वाढवला.

"बसा खाली," सर म्हणाले. "सगळ्यांनी शिक्षा सांगितली. पोरीचा फॉर्म कसा सुटंल, ते एकानं विचारलं न्हाई. तास संपला." मग माझ्याकडं वळले. "बापाला फोन लाव."

"सर, आधी दुरुस्त होऊ द्या. मग सांगतो."

"फॉर्म कोणाचा?"

"पोरीचा."

"मंग उशीर करायची इजाजत तुला कोणी दिली?"

लावला फोन. गंगाधररावांनी माझ्या मशीनला, लातूरला आणि माझ्या सात पिढ्यांना जे काही म्हटलं, ते मी मान खाली घालून ऐकलं. सर शेजारी उभे राहून अधूनमधून म्हणत होते, "बराबर हाय त्यांचं."

दुसऱ्या दिवशी सर आणि मी पहिल्या एस.टी.नं नांदेडला गेलो. हदगावहून बापलेक आले होते. प्रवेशाच्या मदत केंद्रावरच्या बाबूनं वर न बघता सांगितलं, "लॉक म्हणजे लॉक. पुस्तिकेत लिहिलंय."

"पुस्तिकेतच लिहिलंय," सर म्हणाले, आणि पिशवीतून ती जाडजूड पुस्तिका काढली. लाल रेघांनी ती अगदी रक्तबंबाळ झाली होती. "उमेदवारानं स्वतः लॉक केलं नसंल तर मुदतीच्या आत समक्ष अर्ज करता येतो. तळटीप. चष्मा देऊ का?"

बाबूनं वाचलं. आतल्या साहेबाला दाखवलं. साहेब बाहेर येऊन सरांकडं असं बघायला लागले, जणू पुस्तिका वाचणारा माणूस त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. "पण लॉक कुणी केलं, ते लेखी लागेल," ते म्हणाले. बाबू माझ्याकडं झुकला. "तांत्रिक अडचण म्हणून लिहा ना. नाव कशाला गुंतवता? उद्या कुणी पोलिसात दिलं तर?"

मी सरांकडं बघितलं. मला वाटलं, सर हो म्हणतील, माझी सुटका होईल. सर म्हणाले, "सही तुझी हाय. मी हो म्हणणार न्हाई, न्हाई म्हणणार न्हाई." आणि ते खरंच खिडकीपाशी जाऊन रस्त्यावरच्या ट्रॅक्टरकडं बघत उभे राहिले.

वैशाली बाकावर बसली होती. मी कागद घेतला. आठवीनंतर एवढं लांब कधी लिहिलं नव्हतं. 'फॉर्म मी लॉक केला. सर्वांचा पासवर्ड मी एकच ठेवला होता. मुलीची चूक नाही.' खाली नाव, पत्ता, सही. सरांनी वाचलं, दोन ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते ते तसेच राहू दिले आणि कागद खिडकीतून आत सरकवला.

फॉर्म उघडला. तिनं पहिल्या क्रमांकावर नांदेड टाकलं. आता नवीन पासवर्ड. मी सवयीनं पुढं झालो, तर सरांनी मला खांद्याला धरून भिंतीकडं फिरवलं. "तिचं तिला टाकू दे. गंगाधरराव, तुम्हीबी वळा."

"मी? मी बाप हाय तिचा!"

"म्हणून तर तुम्ही आधी."

बापमाणूस कुरकुरत भिंतीकडं वळला. सर वळले. का कोण जाणे, बाबूही वळला. आम्ही चौघं रंग उडालेल्या भिंतीकडं तोंड करून उभे, आणि पाठीमागं एक पोरगी हळूहळू कळा दाबते आहे. फार वेळ लागला. शेवटी ती म्हणाली, "झालं."

परतीच्या एस.टी.त मी विचारलं, "सर, पोलीस येतील का?"

"आले तर खरं लिहिलंयस. पाठ करायला काही न्हाई. झोप." मी झोपलो नाही, पण सर झोपले, माझ्या खांद्यावर.

पोलीस आले नाहीत. पुढचे वीस दिवस मी एकेका पोराला बोलावून पासवर्ड बदलायला लावले आणि शिव्या खाल्ल्या. यादी लागली त्या दिवशी सर सात नंबरवर होते. फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला.

"सर, नांदेड लागलं!" गंगाधरराव ओरडले. मग आवाज एकदम पडला. "पण सर, पोरगी पासवर्ड सांगून नाही राहिली. चार दिवस झाले विचारून राहिलो. बापाला सांगत नाही म्हणते!"

"अभिनंदन, गंगाधरराव," सर म्हणाले.

"कशाचं? नांदेडचं?"

"दोन्हीचं."