साटंलोटं आणि वाघ सर

कोणताही प्रोग्राम चालू करण्याआधी वाघ सर डावा हात मेन स्विचवर ठेवायचे आणि मगच उजव्या हातानं एंटर दाबायचे. नगरला सावेडीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ते शिकवायला आले त्या पहिल्याच दिवशी मी हे ध्यान पाहिलं आणि फिस्सकन हसले. आडनाव वाघ आणि काळीज सशाचं! त्यांना राग आला नाही. म्हणाले, "हसा मॅडम, हसा. पन भ्यालेला मानूस दोनदा बघून पाऊल टाकतो."

नेवाशाहून रोज एसटीनं यायचे. एसटी चुकेल म्हणून भ्यायचे, मिळाली तर तिचे ब्रेक लागतील का म्हणून भ्यायचे. मला भारी चीड यायची. पण त्यांचा प्रोग्राम सहसा फसायचा नाही, कारण काय काय बिघडेल ते सगळं त्यांनी भिऊन भिऊन आधीच तपासलेलं असायचं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंटरनेटचं वारं नगरला नुकतं लागलं होतं आणि एका वधूवर मंडळाला वेबसाइट हवी होती. स्थळाचं नाव निवडलं की त्याचा सगळा गोतावळा पानावर दिसला पाहिजे. कॉम्प्युटरच्या मेमरीत एकेक माणूस नात्यांनी दुसऱ्याला बांधलेला. प्रोग्रामनं ती नाती धरून पुढं जायचं आणि भेटेल त्याची माहिती साध्या मजकुरात उतरवायची. "नवऱ्यावरून बायकोकडं गेलो की लगेच मागं फिरायचं न्हाई, न्हाईतर दोघांतच घुटमळत बसंल," म्हणून सरांनी तशी तजवीजही केली होती. माझ्या घरची माणसं घालून पाहिली, पान झकास आलं. मग सरांनी स्वतःच्या घरची घातली.

रमेश म्हणजे सर स्वतः. रमेशची बहीण सुनंदा, सुनंदाचा नवरा दत्तू, दत्तूची बहीण कमल, कमलचा नवरा रमेश, रमेशची बहीण सुनंदा... नावं पडद्यावरून सरसर वर जायला लागली. थांबेचनात. "अहो सर, बंद करा की!" मी ओरडले. त्यांचा हात स्विचवरच होता, पण खाली ओढवेना. शेवटी मीच स्विच खाली ओढला.

"साटंलोटं हाय आमचं," ते पुटपुटले. "माझी बहीण त्यांच्या घरात, त्यांची माझ्या घरात." मी कपाळावर हात मारला. आमच्याकडं घरोघरी अशी लग्नं, आणि आम्हा दोघांनाही ते सुचलं नव्हतं!

सर मात्र प्रोग्रामबद्दल बोलतच नव्हते. "सकाळी सांगावा आलाय मॅडम. दाजींनी सुनंदाला परत मारलंय. तिला आनावं, तर ते कमलला वढून नेत्याल. न आनावं, तर ती जगायची न्हाई." एरवी ज्या भीतीची टिंगल करायची, ती आता मलाही लागली होती.

आम्ही पुन्हा कामाला लागलो. भेटलेल्या प्रत्येक माणसावर खूण करायची. खूण असलेला पुन्हा भेटला की त्याचं नुसतं नाव लिहून तिथंच थांबायचं. सर पुटपुटत होते, "वळखीच्या मानसाला परत घरदार इचारायचं न्हाई. नुसता रामराम घालायचा." त्यांनी एंटर दाबलं. चौघांची माहिती आली, शेवटी पुन्हा नुसतं 'रमेश' आलं आणि पान थांबलं. सरांनी त्या शेवटच्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "कुनालातरी थांबावं लागतं मॅडम. आपोआप न्हाई थांबत हे." आणि दुपारचीच एसटी धरून सुनंदाच्या सासरी गेले.

आठवडाभर त्यांचा पत्ता नाही. माझ्या जिवाला घोर लागला. शेवटी मीच नेवाशाला गेले. घरात सुनंदा होती, तोंडावर काळेनिळे वळ. आणि कमलही होती!

"माझे दत्तूदादा आल्ते न्यायला," कमल म्हणाली. "मी म्हनलं, बाईला मारनाऱ्याच्या घरात मी पाऊल ठेवायची न्हाई. तर म्हनले, परत येतो, आन उचलूनच नेतो."

"मी हिच्या मागं उभा हुतो," सर खाली मान घालून म्हणाले. "त्वांडातून शबुद फुटला न्हाई."

आम्ही जेवायला बसलो. तेवढ्यात बाहेर जीप थांबली. चौघांचेही घास हातातच राहिले. सुनंदानं कमलचा दंड घट्ट धरला. कमल उठायला लागली, तसं सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. उष्ट्या हातानंच ते दारात गेले आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभे राहिले. त्यांनी बाहेर दोनदा बघितलं. मग एक पाऊल उंबऱ्यावर टाकलं.

"कोन हाय?" सर मोठ्यानं म्हणाले. "जे काय बोलायचं, ते माझ्याशी बोला."