तिच्या पुस्तकांवरचा खेळ

रविवारी सकाळी मिसळ हाणून आम्ही चौघी गंगापूर रोडला माझ्या घरी जमतो आणि राक्षस मारतो. हसू नका. कल्पनेतलं एकेक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे नि गोष्ट पुढे न्यायची, असा हा खेळ. पात्रं एका वेबसाइटवर बनवतो. तिथं नियमांची पुस्तकं विकत घ्यावी लागतात. पण गटातल्या एकीनं घेऊन शेअर केली, की सगळ्यांना उघडतात.

आमच्यात ती एक म्हणजे नाशिकरोडला गणिताचे क्लास घेणारी माझी मैत्रीण. सगळी पुस्तकं तिची. तेव्हा आम्ही पाच जणी शनिवारी संध्याकाळी बसायचो. पण बाई नियमाला भारी पक्की! रंगात आलेला खेळ थांबवून "अगं, असं नाही चालत," म्हणायची. आम्ही वैतागलो. शेवटी मीच तिला सांगितलं, "खेळ बंद केलाय गं, कुणालाच वेळ नाही." ती हळहळली. पुढच्याच आठवड्यात आम्ही तिच्याशिवाय बसलो.

वेबसाइटवरच्या गटातून मात्र तिला काढलं नाही. काढलं असतं तर पुस्तकंही गेली असती ना! माणूस नको, पुस्तकं हवीत. किती हलकट आम्ही! दर वेळी तिचं पुस्तक उघडताना मला चोरी केल्यासारखं वाटायचं, आणि तरी मी उघडायचे.

परवा गट उघडला तर आमच्या पात्रांखाली एक नवीन पात्र. जखमा बऱ्या करणारी एक वैद्यबाई, तिनं बनवलेली. खेळत राहिलं तरच पात्राची लेव्हल, म्हणजे ताकद, वाढते. बंद पडलेल्या खेळातली आमची पात्रं तिसऱ्या लेव्हलवरून आठव्या लेव्हलला पोचलेली तिनं बघितली होती. आपली वैद्यबाईही तिनं आठव्याच लेव्हलची केली होती.

मी फोन लावला. वाटलं, आता शिव्या बसणार. बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमच्यात जखमा बऱ्या करणारं कुणीच नाही गं," ती म्हणाली. "मराल सगळ्या. म्हणून करून ठेवली. मी नसले तरी चालवा तिला."

"तूच ये ना. रविवारी बसतो आम्ही," मी कसंबसं म्हटलं.

"रविवारी सकाळी माझे क्लास असतात. तुला माहितीये की."

माहीत होतं. म्हणून तर आम्ही रविवार धरला होता.