भाव टिपणारा माणूस

संस्थानं विलीन होत होती, नाक्यांवरची जकात सारखी बदलत होती आणि तेलाचा भाव एका जागी ठरत नव्हता. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि दुपारी बऱ्हाणपुरातल्या मामांच्या किराणा दुकानात बसायचो. दर गुरुवारी सरकारसाठी बाजारभाव टिपणारा एक गृहस्थ तिथे यायचा. गिरणी कामगारांचा महागाईभत्ता त्याच्या आकड्यांवरून ठरे, आणि माझे वडील गिरणीतच होते.

नफेखोरीचा ठपका नको म्हणून मामा भाव कमी सांगत. "लिहा ना साहेब, बारा आणे शेर. काहून झंझट करता?"

तो हसून बाकावर बसे, चहा नाकारी आणि गिऱ्हाइकाची वाट पाही. एकदा शाहपूरच्या एका बाईनं शेरभर तेलाचा रुपया दिला. त्यानं रुपयाच लिहिला.

मामा चिडले. "सरकारचे असून सरकारलाच महागाई दाखवता?"

"शेठ, मी स्वस्त लिहिल्यानं या बाईचं तेल स्वस्त होत नाही."

त्या वर्षी भत्ता वाढला, म्हणून माझं कॉलेज सुटलं नाही. पदवी मिळाल्यावर मी त्याचे आभार मानायला निघालो. त्याची बदली झाली होती. नाव मामांनीही कधी विचारलं नव्हतं.