कोरी नळी

ग्लेनिस पॅस्कोचा कुणावरच विश्वास नसे. टास्मानियातल्या एका इस्पितळात मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रक्तातले रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, तिने तेवीस वर्षं काढली. पण त्याच्या पहिल्या आकड्याला कधी हो म्हटलं नाही. अगदी सुरुवातीला म्हटलं होतं एकदा. आधीच्या रोग्याच्या रक्ताचा अंश यंत्रात उरला, तो पुढच्याच्या माथी बसला आणि त्या बापड्याचं पोट विनाकारण फाडलं गेलं. तेव्हापासून ही बाई ताकच काय, पाणीही फुंकून पिई. मोठा आकडा आला की नुसत्या पाण्याची कोरी नळी लावायची, हा तिचा नेम. प्रयोगशाळेतली पोरं पाठीमागे तिला 'कोरी नळी'च म्हणत. म्हणोत बापडी.

शुक्रवारी एडीचं रक्त आलं. पाच वर्षांची पोर, अंगावर केस फुटलेले, आणि रक्तात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, मोठ्या बाप्याएवढं. स्कॅनमध्ये बीजकोशावर अंधूक ठिपका होता. ती गाठच, म्हणत सर्जन हॅलमसाहेबांनी सोमवारी पोट उघडायचं ठरवलं.

ग्लेनिसला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. कोरी नळी लावली, स्वच्छ निघाली. रक्त पुन्हा लावलं, तोच आकडा. रक्त काढणाऱ्या मुलीला तिने उलटसुलट विचारून रडकुंडीला आणलं. गाठ हे संप्रेरक बनवत असेल तर त्याचा कच्चा मालही रक्तात सांडायला हवा. तो तर पोरीच्या वयाला शोभेल इतकाच होता. म्हणजे तयार माल बाहेरून आला. कुणाकडून?

तिने हॅलमसाहेबांना फोन केला.

"ग्लेनिस, तू सख्ख्या आईवरही संशय घेशील."

"आई गेली माझी. नाहीतर तिचंही रक्त दोनदा लावलं असतं."

ती स्वतःच वॉर्डात गेली. एडीची आई चहा आणायला गेली होती. बाप, डॅरिल यूड, गाईंचा धंदा करणारा गडी, पोरीच्या पायथ्याशी बसला होता. ग्लेनिसने सरळच विचारलं, अंगाला काही लावता का?

त्याने आधी दाराकडे पाहिलं. "खांद्यांना. मर्दानी ताकदीचं जेल. बायकोला ठाऊक नाही, गाईंच्या औषधांत लपवतो."

"लावल्यावर काय करता?"

"बिनबाह्यांची बंडी घालून दूध काढायला जातो."

"मला खांद्यावर बसवून," एडी उशीवरून म्हणाली.

डॅरिलने तोंड ओंजळीत लपवलं.

शस्त्रक्रिया रद्द झाली. सहा आठवड्यांनी एडीचा आकडा उतरला. ग्लेनिसने तो दोनदा तपासला, वर कोरी नळी लावली. दुसऱ्या दिवशी डॅरिलचा फोन आला. जेल बंद केलंय, बायकोलाही सांगितलंय, म्हणाला. मग घुटमळला.

"आता घेऊ का तिला खांद्यावर? तेव्हापासून हात लावायचीही भीती वाटते. ती आईला विचारते, बाबा माझ्यावर रागावलाय का."

"घ्या," ग्लेनिस म्हणाली. "आजच घ्या. शर्ट घालून."

फोन ठेवला आणि तिने पुढच्या महिन्याच्या फेरतपासणीच्या यादीत एडीचं नाव घातलं.