आमच्या भाऊजींची भीड

साऱ्या बुलढाणा जिल्ह्याला पुरली असती एवढी भीड एकट्या आमच्या भाऊजींच्या अंगात होती. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. मेहकरला बसस्टँडच्या मागं त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी शेतकरी तिथं आणून टाकायचे आणि भाऊजी त्यांत नवी तांब्याची तार भरून द्यायचे. गिऱ्हाइकाला ते 'या जी, बसा जी' म्हणायचेच, पण मोटार खोलण्याआधी तिच्यावरून हात फिरवून 'खोलू का आता?' असं तिलाही विचारायचे. दुकानाच्या पायरीवर एक कुत्रं झोपायचं. त्याला हाकलणं भाऊजींना कधी जमलं नाही. त्याची झोप होईपर्यंत ते स्वतः मागच्या दारानं ये-जा करायचे आणि गिऱ्हाइकालाही तसंच वळसा घालून आत आणायचे.

आम्ही हिवरा आश्रमला राहतो. मी तिथं शाळेत कारकून आहे. एकदा भाऊजी आमच्याकडे जेवायला म्हणून निघाले आणि पोचले थेट पुढं चिखलीला, कारण बसमध्ये शेजारचे म्हातारबुवा त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपले होते. दुपारच्या जेवणाचा पाहुणा दिवेलागणीला दारात उभा. "म्हातारं मानूस होतं भाऊ, उठवू कसं?" एवढंच त्यांचं म्हणणं. न्हाव्याच्या हातून मिशीची एक बाजू जरा जास्तच उडाली, तेव्हा त्याला वाईट वाटू नये म्हणून यांनी दुसरी बाजूही काढायला लावली आणि उन्हाळ्यात मोकळं बरं वाटतं, असं वर त्यालाच समजावलं. एका लग्नाला गेले ते शेजारच्याच मांडवात शिरले. तिथल्या लोकांनी हाताला धरून पंगतीत बसवलं, आता 'मी तुमचा नाही' हे सांगायचं कसं? जेवले, आहेर केला, नवरा-नवरीजवळ उभं राहून फोटो काढून घेतला आणि मग खऱ्या लग्नात जाऊन पुन्हा पोटभर जेवले. तिथं तरी नाही कसं म्हणणार?

ताईचा हात मिठाला जड आहे, हे मी भाऊ असूनही सांगतो. पण तीस वर्षांत भाऊजींनी तिच्या ताटाला एकदाही नाव ठेवलं नाही. 'भाजी झकास झाली' म्हणत पुन्हा वाढून घ्यायचे आणि हात धुवायच्या निमित्तानं मागं जाऊन दोन तांबे पाणी प्यायचे. मी दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे जायचो. चार वाजता चहा, मग तिन्हीसांजेपर्यंत गप्पा. गप्पा म्हणजे मी बोलायचो आणि ते 'हाव ना भाऊ, बरोबर हाय तुमचं' म्हणायचे. माझं एवढं बरोबर असतं असं दुसरं कोणीच आजवर म्हणालेलं नाही, त्यामुळे रविवार चुकवणं मला जिवावर यायचं.

असा हा माणूस साठीला टेकला आणि एकाएकी तोंडावर बोलायला लागला. गावातले एक मोठे असामी मोटार घेऊन आले आणि ती कशी जळाली याचं पुराण लावून बसले. भाऊजी शांतपणे म्हणाले, "मोटार चांगली हाय जी. जळालं ते तुमचं डोकं हाय." दुकानातली सगळी माणसं पोट धरून हसली. संध्याकाळपर्यंत हे वाक्य बसस्टँडभर झालं. मग लोक मुद्दाम येऊन बसू लागले, आज भाऊजी कोणाला काय म्हणतात ते ऐकायला. मीही शाळेत त्यांचे किस्से रंगवून सांगायचो. आम्हा सगळ्यांचं एकमत झालं होतं की तीस-चाळीस वर्षं भिडेखातर गिळलेलं आता बाहेर पडतंय, आणि पडू द्यावं, माणूस मोकळा होतोय. शेजारच्या मयतीत ते मोठ्यानं हसले, तेव्हा मला जरा लाज वाटली. डब्यातली साखर मुठीमुठीनं खायला लागले, तेव्हा ताई म्हणाली, जन्मभर मन मारलं, खाऊ द्या. माझी भाची, त्यांची मुलगी, अकोल्याला नर्स आहे. ती एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, बाबा असे नव्हते. त्याइले डॉक्टरले दाखवा लागते." मी तिला वेड्यात काढलं. म्हटलं, "तुह्या बापाले आता कुठं खरं बोलता येऊन राह्यलं, तं तू दवाखाना दाखवतं का?"

त्या हिवाळ्यात आमच्या शेतात रोडगे केले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे जाड रोडगे भाजायचे आणि सोबत वांग्याची भाजी, अशी आमच्याकडची पद्धत. भाजी ताईनं केली होती. पंगत बसली, भाऊजींनी पहिला घास घेतला आणि ताट उचलून बांधावर भिरकावलं. "तीस वर्षं झाले, हे असं खाऊन राह्यलो. जनावर तोंड लावनार नाही याले." ताई हातात भाजीचं भांडं घेऊन तशीच उभी राहिली. मी उठलो. माझा राग आधीच नाकावर, त्यात समोर बहीण. वीस माणसांसमोर मी त्यांना वाट्टेल ते बोललो. ते ऐकून घेत होते, मग म्हणाले, "तुमचाबी कटाळा आला मले. दर आईतवारी येता आन डोकं खाता."

मी त्यांच्याकडे जाणं बंद केलं. दीड वर्ष मेहकरच्या बाजारात गेलो तरी त्यांच्या गल्लीत वळलो नाही. ताईचा फोन आला की तिची खुशाली विचारायचो, त्यांचं नाव काढायचो नाही. तीही काढायची नाही. पुढं एका दुपारी भाऊजी दुकान उघडं टाकून चालत निघाले आणि जानेफळच्या रस्त्यावर सापडले, तेव्हा भाचीनं कोणालाही न विचारता त्यांना संभाजीनगरला नेलं. ताईसोबत मीही गेलो. डॉक्टरांनी आमच्याकडून सगळं ऐकून घेतलं, मग मेंदूचे फोटो दाखवले. मेंदूचा पुढचा भाग आक्रसत चाललाय, म्हणाले. माणसाला आवर घालतो तो हाच भाग. सुरुवात दोन-तीन वर्षांपूर्वीच झाली असावी आणि बरा करणारं औषध नाही. ताईनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "मंग डॉक्टरसाहेब, भाजीचं हे बोलले, ते मनातलं होतं का?"

डॉक्टर म्हणाले, "नाही ताई. तो आजार बोलला." आजार बरा होणारा नाही हे ऐकताना जिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ती ताई तेव्हा पदर तोंडाला लावून रडली. दीड वर्ष ती रोज दोन्ही वेळा त्याच माणसाला जेवायला वाढत होती, आणि आपण तीस वर्षं याला नकोशा होतो असं मनात धरून वाढत होती. आम्ही कोणी तिला हे विचारलंसुद्धा नव्हतं.

मला बोलले ते मनातलं होतं का, हे मात्र मला कोणाला विचारता आलं नाही. मी खूप विचार केला आणि मला माझीच लाज वाटली. तीस वर्षं हा माणूस माझ्याशी प्रेमानं बोलला, ती मी त्याची भीड समजलो. आणि एका दुपारी वाकडं बोलला, तर तेवढंच काय ते खरं समजून बसलो.

आता दुकान बंद आहे. भाऊजी फारसं बोलत नाहीत, ताई भरवते तेवढं खातात. मी पुन्हा रविवारी जायला लागलो. गेल्या महिन्यात ताई चहा गाळता गाळता म्हणाली, "तू येत नव्हता ना भाऊ, तवाबी हे दर आईतवारी चार वाजले का अंगनात दोन खुर्च्या काढून बसत. कोन येनार म्हटलं तं तुहं नाव सांगत. अंधार पडला का उचलून आत ठेवत." मी विचारलं, मला काऊन नाही सांगितलं? ती म्हणाली, "तू रागात होता. मले वाटलं, तुले वाटंल मीच बनवून सांगतो."

तेव्हा त्यांना माझं नाव येत होतं. आता येत नाही. त्या दीड वर्षातला एक रविवार कोणी परत दिला तर त्यांनी मला दिवसभर शिव्या घातल्या तरी मी बसून ऐकेन. हल्ली चार वाजता खुर्च्या मी काढतो. भाऊजी येऊन बसतात, रस्त्याकडे बघतात. मी शाळेतलं काहीबाही सांगत राहतो. मधेच ते उठून आत निघून जातात. मी अंधार पडेपर्यंत तिथंच बसतो.