ट्यूबचा डाग

अमरावतीच्या राजापेठेतल्या एका गल्लीत कुर्बानभाई लाकडाला लाखेचं पॉलिश करतात. दिवाण, देवघर, झोपाळा, जे येईल ते. सत्तरी जवळ आली. सकाळी उठतात तेच थकलेले, आणि दिवसभर त्यात भर घालतात. भाई, तुमच्यासारखा हात कोणाचा, असं गिऱ्हाईक म्हणतं. ऐकायला गोड लागतं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा उठावं लागतं.

त्यांची धाकटी लेक अफिफा मुलांना गिटार शिकवते. तिनं जुनी गिटार घेतली तेव्हा तिचा रंग पार उडालेला होता. कुर्बानभाईंनी ती घासून उघडी केली आणि लाखेचे थरावर थर चढवून आरशासारखी केली. जन्मभर लोकांची घरं चमकवली, आपल्या घरच्या माणसासाठी केलेलं हे एवढंच काम.

गिटार भिंतीला टांगायला अफिफानं लोखंडी हुक आणला. नुसतं लोखंड पॉलिशला टोचेल म्हणून कुर्बानभाईंनी त्याला सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळली. आपल्याकडे खाटेच्या पायापासून शिडीच्या टोकापर्यंत सगळ्याला ट्यूबच लागते, त्यात कोणी विचार करत नाही. रबर मऊ असतं, एवढं कारण पुरतं.

मग वऱ्हाडातला उन्हाळा आला. त्यातच अफिफाला नाशिकच्या एका शाळेत संगीत शिकवायची नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी ती गिटार काढायला गेली, तर ती हुकाला चिकटून बसली होती. ओढून काढली, तर गिटारच्या मानेच्या दोन्ही बाजूंना काळे, चिकट पट्टे, आणि पॉलिश ट्यूबसोबत निघून आलेलं. तिनं एका गिटार वाजवणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. गरमीत रबर पाझरतं आणि असल्या पॉलिशला खातं, स्टँड असो की हुक, जाड सुती कापड गुंडाळायचं, असं मैत्रिणीनं सांगितलं. कुर्बानभाईंना स्वतःचाच राग आला. कापसाच्या मुलखात जन्म काढला आणि गुंडाळलं काय, तर रबर.

"आण इकडं," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत करून देतो."

लेकीनं घरातून डागाळलेली वस्तू न्यावी, हे त्यांना सहन होणारं नव्हतं. डाग त्यांनी अलगद घासून काढला. मग कापडाचा बोळा लाखेत भिजवून हात फिरवायला घेतला. यात एकच गोष्ट सांभाळायची असते, बोळा थांबता कामा नये. थांबला की खालचा थर विरघळून उचलला जातो. पन्नास वर्षं तो थांबला नव्हता. आज थांबला. बोटं थरथरली, बोळा जागीच अडला आणि चांगल्या भागावरचं पॉलिशही उचलून आलं. त्यांनी पुन्हा घासलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. उघडी पडलेली जागा बोटभर होती, ती चांगली चार बोटं झाली.

अफिफा दारात उभी राहून कधीपासून बघत होती. हात धुऊन येतो, मग करतो, असं काहीबाही ते बोलले, पण जागचे उठले नाहीत.

ती शेजारी येऊन बसली. बोळा तिनं त्यांच्या हातातून काढून बाजूला ठेवला आणि थरथरणारी बोटं आपल्या मुठीत धरली.

"अब्बा, अशीच नेतो मी हिले," ती म्हणाली. "आन तुमी आता काम बंद करा. लय झालं."

कुर्बानभाईंना वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी अंगातून ओझं उतरल्यासारखं झालं आणि डोळे भरून आले. हे कोणीतरी म्हणावं म्हणून आपण किती वर्षं वाट पाहत होतो, ते त्यांना आत्ता कळलं. आणि म्हणणारी लेक उद्या सकाळच्या गाडीनं चालली होती.